ही निळी रेषा कुणाची?



१७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या काठावरचे ३६ बंगले महापालिकेने पाडले. मोबाईलवर तुम्ही ते बघितलंच असणार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बुलडोझर आले. बंगले निळ्या पूररेषेच्या आत होते. तिथं घर बांधायला बंदी. तरी प्लॉट विकले गेले, पाया खणला गेला, स्लॅब पडले, माणसं राहायला आली. इतकं सगळं होईपर्यंत ती रेषा कुणालाच दिसली नाही!

त्या संध्याकाळी आमच्या टपरीवर पोरं खूष होती. एक जण म्हणाला, "बरं झालं साल्यांचं. आपली झोपडी पाडताना कोण रडलं होतं?" मीही हसलो. खोटं कशाला बोलू? त्याच वर्षी फेब्रुवारीत ह्याच चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं, पत्राशेड, छोटे कारखाने हजारोंनी भुईसपाट झाले होते. हातावर पोट असलेली माणसं रातोरात बेकार झाली. तेव्हा कुणी मेणबत्त्या लावल्या नव्हत्या. म्हणून बंगला पडला की आपल्याला बरं वाटतं. हा राग आपण कमावलेला आहे, त्याची लाज नाही.

पण आमच्यातली एक पोरगी हसली नाही. कंपनीत कंत्राटावर काम करते, आठ तास उभी राहून येते, तरी मीटिंग चुकवत नाही. ती म्हणाली, "ते बंगले निळ्या रेषेत होते ते कोर्टानं मोजून सांगितलं. आपली गल्ली कुठल्या रेषेत आहे? पाणी कुठवर येतं ते कुणी मोजलंय का?"

कुणी बोललं नाही. आंदोलनात वीस वीस वर्षं घालवलेले आम्ही, घोषणा शंभर पाठ, आणि आपल्याच दारातल्या पाण्याची उंची आम्हाला सांगता आली नाही. आजचं संपादकीय त्या पोरीच्या प्रश्नावर आहे.

* * *

मी चिखलीतच राहतो. नाल्यापासून साठ पावलांवर. माझा बाप ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडं आला. तिकडं पाणी नव्हतं म्हणून आला, आणि आता मुसळधार झाली की आम्ही मध्यरात्री धान्याचे डबे माळ्यावर चढवतो. एका जन्मात माणसाला पाण्याची दोन्ही टोकं बघायला लागली.

हे अर्धा गुंठ्याचं घर आम्ही एका एजंटाकडून घेतलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून. सातबारा दाखवला नाही, नकाशा दाखवला नाही. "नाला आहे जवळ, पण पाणी कधीच येत नाही," म्हणाला. हे सांगताना त्याच्या गाडीच्या काचेवर 'जय भीम' चिकटवलेलं होतं. लक्षात ठेवा, दोस्तहो. प्रस्थापितांना शिव्या घालून आपली जीभ झिजली, पण आपल्याच माणसाला नाल्यात जागा विकणारा आपल्यातच बसलेला असतो आणि चौदा एप्रिलला पहिली वर्गणी तोच देतो. ती वर्गणी कशाची आहे, हे विचारायची हिंमत आपल्यात पाहिजे.

ह्या गावांची गोष्टच तशी आहे. चिखली १९९७ मध्ये महापालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधी भोसरी, पिंपरी, आकुर्डीत कारखाने उभे राहिले होते, पुढं नदीपलीकडं चाकण उभं राहिलं. कारखान्यांनी माणसं बोलावली. माणसांना रात्री झोपायला जागा लागते, हे मात्र कुणाच्या आराखड्यात नव्हतं. कामगार लागतो, पण त्याचं घर लागत नाही! मग उंचावरची, रस्त्यालगतची जमीन सोसायट्यांना गेली आणि खड्ड्याची, नाल्याकाठची, भंगारामागची आपल्याला आली. गावगाड्यात महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर असायचा, बहुतेकदा उताराला, गावाचं वापरलेलं पाणी जिथं वाहत यायचं तिथं. शहरात कुणी जात विचारून प्लॉट देत नाही. फक्त भाव सांगतो. आणि त्या भावाने आपण बरोबर उताराला येऊन पोहोचतो.

* * *

आता ही रेषा काय भानगड आहे ते समजून घेऊ. नीट वाचा, कारण ह्या दोन शब्दांवर उद्या तुमचं घर पाडलं जाईल किंवा वाचेल.

पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. निळी आणि लाल. आपल्या राज्यात १९८९ च्या परिपत्रकापासून हे चालत आलंय. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पसरेल ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला बंदी. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर जाईल ती लाल. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधता येतं.

'२५ वर्षांतून एकदा' ह्या शब्दांनी भल्याभल्यांना फसवलंय. लोक म्हणतात, २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत. तसं नसतं. तिचा अर्थ असा की कुठल्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. ह्या वर्षी चार, पुढच्या वर्षी पुन्हा चार. नदी गेल्या वर्षीचा हिशेब धरत नाही. बरं, समजा घरासाठी २० वर्षांचं कर्ज काढलं आणि घर निळ्या रेषेवरच आहे. त्या २० वर्षांत निदान एकदा तरी तो पूर दारात येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न भरते. हप्ते फिटायच्या आत पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त! लाल रेषेवर घर असलं तरी त्याच २० वर्षांत शंभरात अठरा. हे गणित दहावीच्या पोराला येतं. घर घेताना एजंट ते सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

दुसरी गोष्ट. रेषा एकदा आखली म्हणून नदी तिथंच थांबत नाही. रेषा आखली तेव्हा नदीचं पात्र जेवढं रुंद होतं तेवढं आज आहे का? रात्री डंपर येतात. जुन्या इमारतीच्या विटा, काँक्रीट, माती, फरशीचे तुकडे, सगळा राडारोडा काठावर ओतून जातात. सकाळी तिथं सपाट मैदान. दोन वर्षांनी मैदानाला पत्र्याचं कुंपण, मग पार्किंग, मग शेड. पाणी तेवढंच असतं, त्याची जागा चोरीला जाते. मग ते वर चढतं आणि समोरच्या काठावर सरकतं. शिवाय आजूबाजूला सगळं डांबर आणि काँक्रीट झालं. पूर्वी मातीत मुरणारं पाणी आता धावत नाल्यात येतं. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी पूर मोठा.

तिसरी गोष्ट, जी आमच्या गल्लीला लागू आहे. नदी भरली की नाल्याचं तोंड बंद होतं. नाल्याचं पाणी पुढं जायला जागा नाही, म्हणून ते मागं फिरतं, गटाराच्या चेंबरमधून, संडासाच्या भांड्यातून घरात येतं. नदी अर्धा मैल लांब असते आणि माणूस घरात गुडघाभर पाण्यात उभा. नदीची निळी रेषा नकाशावर सापडते. तुझ्या घरामागच्या नाल्याची रेषा आहे का, ते जाऊन बघ. मी एका कचेरीत विचारायला गेलो तर समोरचा साहेब म्हणाला, "नाल्याला कशाला पाहिजे रेषा?" पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा फुटून वस्त्यांत शिरला. त्या पावसाने शहर आणि जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मारली. ओढाच होता तो, मोठी नदी नव्हती.

* * *

पाण्याबरोबर माती आणि दगड सुटले की तो पूर राहत नाही, दरड होते. तिचा लोंढा पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. त्याच्यात पोहता येत नाही. आमच्या चिखलीत डोंगर नाही. पण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातून आलेली पोरं आमच्या शेजारी मशीनवर उभी असतात, त्यांची घरं तिकडंच आहेत. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव चिखलाखाली गेलं. १५१ माणसं मेली, बहुतेक आदिवासी. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एस.टी.च्या ड्रायव्हरला कळलं! १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. ठाकर आदिवासींची वाडी. सत्तावीस प्रेतं सापडली, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. नंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

म्हणजे चिखलीतले बंगले रेषेच्या आत होते आणि इर्शाळवाडी यादीच्या बाहेर. एकीकडं रेषा असून बांधू दिलं, दुसरीकडं यादीत नाव नाही म्हणून माणसं झोपेत मेली. कागद दोन्हीकडं होता. त्या कागदावर भरवसा ठेवून बसायचं नाही, एवढं तरी ह्यातून शिका.

मुंबईची पोरं हे वाचत असतील तर त्यांनी हसू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा साकीनाक्याला टेकडी झोपड्यांवर आली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडली. जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरात भिंत पडली. मेलेल्यांचे पत्ते वाचा. एकही पत्ता उंच इमारतीचा निघणार नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण खाली वाहून आलेलं सगळं आपल्या अंगावर येतं.

* * *

आपल्यातले काही जण म्हणतात, पूर, रेषा, नकाशे हे इंजिनियर लोकांचं काम. चळवळीनं जातीवर बोलावं. त्यांना मी विचारतो, बाबासाहेब वाचले का तुम्ही? की फक्त फोटोला हार घातला? १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज त्यांच्याकडं होती. १९४३ च्या पुराने दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला. त्या खोऱ्याच्या योजनेत बाबासाहेबांनी लक्ष घातलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांवर बोलले. जास्त पाणी ही आपत्ती मानून नुसते बांध घालत बसू नका, ते साठवा, वीज करा, शेती करा, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या माणसाने १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावायचा हक्क मागितला, तोच माणूस अठरा वर्षांनी अख्ख्या देशाच्या नद्यांचा हिशेब मांडत होता. आणि आपण, त्यांची पोरं, आपल्या गल्लीतल्या पाण्याचा हिशेब मांडू शकत नाही?

* * *

तर आम्ही मांडला. फार काही केलं नाही. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायकांकडं गेलो. २५ जुलै २०२४ ला तुमच्या घरात पाणी कुठवर आलं? तारखा बायकांना पाठ असतात, कारण घर त्यांनीच धुतलेलं असतं. कुणी ओट्याची दुसरी फरशी दाखवली, कुणी कपाटाचं फुगलेलं लाकूड, कुणी भिंतीवरचा मातीचा डाग. तिथं खडूने रेघ मारली, मग निळ्या रंगाने पक्की केली.

मग प्रश्न आला, एका घरातली रेघ दुसऱ्या घरात कशी न्यायची? आमच्याकडं कुठलं यंत्र? तेव्हा एक गवंडीकाका हसले आणि घरातून पारदर्शक नळी घेऊन आले. नळीत पाणी भरायचं, एक टोक ह्या भिंतीवर, दुसरं टोक त्या भिंतीवर. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. ह्याच नळीने आपल्या माणसांनी अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या इमारतींची लेव्हल काढली. लोकांचे टॉवर सरळ उभे केले, स्वतःच्या घराची लेव्हल कधी काढली नव्हती! दोन रविवारांत गल्ली संपली. वहीवर नकाशा आला. कुणाच्या घरात घोट्याएवढं येतं, कुणाच्या घरात कमरेएवढं, नाल्याच्या मोरीत गाळ कुठवर बसलाय, कुठली भिंत पोट काढून उभी आहे, विजेची डीपी किती फुटावर आहे, रात्री कुठल्या गल्लीतून बाहेर पडायचं, कुठल्या घरात चालता न येणारा म्हातारा आहे, कुठल्या घरात बाळंतीण.

डीपी मुद्दाम सांगतो. त्याच २५ जुलै २०२४ ला पुण्यात पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन जण विजेच्या धक्क्याने मेले. पाणी बुडवायच्या आधी वीज मारते. म्हणून पाणी ओट्याला लागलं की पहिला मेन स्विच बंद. आणि वाहत्या पाण्यात मर्दानगी दाखवायची नाही. अर्धा फूट पाणी जोरात असलं तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात, दोन फुटांत मोटार तरंगते. डोंगराकडच्या दोस्तांनी घरच्यांना सांगून ठेवावं: उतारावर नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, दारं-खिडक्या एकदम अडकायला लागल्या, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर पंचनाम्याची वाट बघायची नाही. पोरं उचलायची आणि वाडी सोडायची.

आमच्या नकाशात एक खोट आहे, तीही सांगतो. तो झालेल्या पाण्याचा नकाशा आहे. येणारं पाणी त्याच्यापेक्षा मोठं असू शकतं. म्हणून निळ्या रेघेवर आम्ही हातभर जास्त धरलं.

* * *

नकाशा झाला आणि भांडण सुरू झालं. काही जण म्हणाले, हा कागद फाडून टाका. हाच कागद उद्या बुलडोझरवाल्याच्या हातात पडला तर? तुम्हीच लिहून दिलंत म्हणून वस्ती पाडतील. भीती खरी आहे. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, भर पावसाळ्यात आंबील ओढ्याकाठची वस्ती पाडायला यंत्रणा उतरली होती. न्यायालयाने थांबवली. पुराचं नाव घेऊन गरीब हटवायचा आणि मोकळ्या जागेवर दुसऱ्याचं भलं करायचं, हा धंदा आपण बघितलेला आहे. झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची असेल तर फुकट घराला पात्र. नंतर आलेला माणूस कागदावर फुकट घराला अपात्र. पुरात मात्र पात्र असतो!

तरीही मी सांगतो, कागद फाडायचा नाही. आजवर आपण 'पूररेषा खोटी आहे' म्हणून मोर्चे काढले. रेषा खोटी नव्हती. आपण माणसं वाचवतोय असं समजत होतो आणि त्यांना पाण्याच्या वाटेत झोपवत होतो. नदीला आपली घोषणा कळत नाही. खरं लपवून मिळालेलं घर एका रात्रीत जातं आणि त्याच्याबरोबर पोरंही जातात. आपली लढाई रेषेशी नाही. रेषेच्या आत आपल्याला कुणी ढकललं आणि बाहेर यायला जागा कोण देत नाही, त्यांच्याशी आहे.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पूररेषा कपाटातल्या नकाशावर नको, जमिनीवर खांब रोवून दाखवा, नदीची आणि नाल्याचीसुद्धा. प्लॉट विकला जायच्या आधी दाखवा, घर बांधून झाल्यावर नको. राडारोडा टाकणाऱ्याचा डंपर जप्त करा आणि भरलेला काठ त्याच्याच खर्चाने मोकळा करा. निळ्या रेषेतल्या माणसाला आधी घर द्या, मग हलवा, आणि ते घर त्याच्या कामापासून, पोरांच्या शाळेपासून तोडून देऊ नका. ह्याच चिखलीत सेक्टर १७-१९ ला घरकुल उभं राहिलं, म्हणजे जागा निघते, मनात असलं की निघते. आणि नियम बंगल्याला जो, तोच कारखान्याच्या भिंतीला, तोच मंगल कार्यालयाला.

आणि आपल्याला काय करायचंय? प्रत्येक शाखेने मे संपायच्या आत आपल्या गल्लीत एक नळी, एक वही आणि निळ्या रंगाचा एक डबा घेऊन फिरायचं. माहितीच्या अधिकारात पूररेषेचा नकाशा मागायचा आणि आपल्या वहीशेजारी ठेवायचा. दोन्हींत फरक निघाला की तिथं आपला मोर्चा. नाल्यात प्लॉट विकणारा आपला असो की परका, त्याचं नाव शाखेच्या फळ्यावर.

निळा रंग आपला आहे. आपण तो झेंड्यावर फडकवला, तोरणात लावला, गालावर लावून नाचलो. आता तो भिंतीवर लावू, जिथवर पाणी आलं होतं तिथं. कामावरून दमून आलेल्या माणसाला रोज दिसेल अशा उंचीवर. त्या पोरीने आमच्या घराच्या भिंतीवर रेघ मारली ती माझ्या धाकट्याच्या छातीएवढी आहे. मी रोज रात्री ती बघून दिवा मालवतो.

जय भीम.